जंगलाचा कारभार गावाच्या हाती: सामूहिक वनहक्काच्या दाव्यापासून तेंदूपत्त्याच्या लिलावापर्यंत

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा गावाचा कायदेशीर हक्क, २००९ साली मिळाला. पण त्या जंगलातला बांबू गावाला विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं, तेव्हा कुठे विक्री सुरू झाली. हक्कपत्र आणि पहिली विक्री यांच्यात दीड-दोन वर्षं गेली.

हा लेख त्या मधल्या वाटेबद्दल आहे. सामूहिक वनहक्क मिळालेली गावं पूर्व विदर्भात आणि मेळघाटात आज पुष्कळ आहेत. त्यातल्या किती गावांचं हक्कपत्र पेटीत पडून आहे आणि तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, भाव अजून ठेकेदारच ठरवतो, हे त्या भागात फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: जंगलाचा माल गावाने स्वतः विकला, पैसा गावाच्या खात्यात आला आणि त्याचा हिशेब गावासमोर वाचला गेला, तरच गाव मालक. खालचा सगळा क्रम ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

आधी ‘गाव’ कोणतं ते ठरवा

वनहक्क कायद्यातली ग्रामसभा म्हणजे गटग्रामपंचायतीची ग्रामसभा नव्हे. ती गावातल्या सगळ्या प्रौढ माणसांची सभा आहे आणि टोला किंवा पाडा हेही कायद्याच्या अर्थाने गाव असू शकतं. तीन-चार गावांची मिळून एक ग्रामपंचायत असेल आणि दावा तिच्या नावाने टाकला, तर पुढे कुणाचं जंगल कुठवर, तेंदूचा पैसा कोणत्या टोल्याचा, यावरून भांडणं ठरलेली. म्हणून ज्या वस्तीचे लोक एका जंगलावर जगतात, एका गावदेवाला मानतात, त्या वस्तीची वेगळी ग्रामसभा करा. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या प्रदेशात, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या महाराष्ट्र नियमांनुसार वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येतं. त्यासाठी वस्तीतल्या मतदारांचा ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. हे काम दाव्याच्या आधी उरकलेलं बरं.

वनहक्क समिती आणि कोरम

ग्रामसभेने १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची. गावात अनुसूचित जमातीचे लोक असतील तर समितीत दोन तृतीयांश तरी त्यांचे हवेत, आणि किमान एक तृतीयांश बायका हव्यात. समिती आपला अध्यक्ष आणि सचिव ठरवते आणि दावे तपासणाऱ्या वरच्या उपविभागीय समितीला कळवते.

कोरमकडे मात्र बारकाईने बघा. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. दाव्यांवर ठराव होतो तेव्हा दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे तरी हवेत. सह्या-अंगठे त्याच दिवशी, त्याच सभेत घ्या. नंतर घरोघरी फिरून गोळा केलेल्या सह्या वरच्या समितीत कुणी आक्षेप घेतला की सगळा दावा अडकवतात. सभा पेरणीच्या किंवा मोहफुलांच्या दिवसांत ठेवू नका. बायका पहाटेच मोह वेचायला गेलेल्या असतात आणि मग ‘कोरम झाला नाही’ हा शेरा पडतो.

हद्द: सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

नमुना ‘ब’ हा निस्तार (घरच्या गरजेपुरता जंगलातून माल घेणं), चराई, गौणवनउपज (इमारती लाकूड सोडून जंगलातला इतर माल), मासेमारी अशा सामूहिक हक्कांसाठी आहे. नमुना ‘क’ हा सामूहिक वनसंसाधनासाठी, म्हणजे कलम ३(१)(आय) खाली जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याच्या हक्कासाठी आहे. दोन्ही भरा. नुसता ‘ब’ भरून थांबलेल्या गावांना गोळा करण्याचा हक्क मिळतो, कारभाराचा नाही. पाच-दहा हेक्टर निस्तार मंजूर झाला म्हणून समाधान मानू नका. कायदा गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या सगळ्या जंगलाबद्दल बोलतो, मग ते राखीव असो, संरक्षित असो की अभयारण्यातलं.

पारंपरिक हद्द कागदावरून ठरत नाही. ती म्हाताऱ्यांना माहीत असते. गावदेवाची पूजा पाहणारे भूमिया, गायकी करणारे म्हणजे गुरं राखणारे, मोह वेचणाऱ्या बायका यांना घेऊन शिवारफेरी काढा. कुठल्या नाल्यापर्यंत आपली गुरं जातात, कुठल्या डोंगरापलीकडे शेजारच्या गावाचा देव आहे, कुठल्या झाडांवर कुणाच्या कुटुंबाचा मोह आहे, हे चालता चालता निघतं. एक जण वहीत नोंद करेल, एक जण मोबाईलवर जीपीएसचे बिंदू घेईल. नाला, टेकडी, देवस्थान, जुनी विहीर, मसणवट, सोडलेल्या गावाची जागा या सगळ्या खुणा बिंदूसह लिहा. वनखात्याचे कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या तुकड्यांचे नंबर, शेजारी टाका, म्हणजे नंतर नकाशा जुळवताना त्रास होत नाही. फेरी एका दिवसात संपवण्याची घाई करू नका, आणि बायकांची फेरी वेगळी काढता आली तर जरूर काढा. डिंक, कंद, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब), औषधी पाला कुठे मिळतो हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतं आणि हेच दाव्यातले सगळ्यात ठोस तपशील असतात.

यानंतर शेजारच्या गावांशी बोला, तेही दावा टाकण्याच्या आधी. दोन गावांच्या हद्दी एकमेकींवर चढणार हे गृहीत धरा. नियमांतही यासाठी दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसावं आणि दोन्ही ग्रामसभांना ते कळवावं अशी सोय आहे. तिथे सुटलं नाही तरच प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं. पण ते तिथवर जाऊ देऊ नका. एकत्र वापराची जागा असेल तर ती ‘सामाईक’ म्हणून दोघांच्याही नकाशात दाखवा आणि कोण काय काढणार ते लिहून ठेवा. शेजाऱ्याचं संमतीपत्र दाव्याला जोडलं की पुढची निम्मी अडचण संपते. पारंपरिक इलाक्याची, म्हणजे आसपासच्या गावांच्या समूहाची, बैठक अजून भरत असेल तर हद्दीचा निकाल तिथेच लावा. त्या बैठकीचा शब्द लोक मोडत नाहीत.

पुरावे कुठे मिळतात

नियम १३ मध्ये पुराव्यांची लांब यादी आहे आणि किमान दोन पुरावे पुरतात. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचा भाग असल्यामुळे विदर्भातल्या गावांच्या हाती एक मोठी गोष्ट आहे: निस्तार पत्रक. कोणत्या गावाने कोणत्या जंगलातून काय घ्यायचं हे त्यात लिहिलेलं असतं. त्याच्या जोडीला वाजिब-उल-अर्ज (गावाच्या चालीरीती आणि हक्कांची जुनी नोंद) आणि बंदोबस्ताची मिसल (जुन्या जमीन मोजणी-आकारणीची कागदपत्रं). या नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मागा. ‘सापडत नाही’ असं उत्तर मिळालं तर तेही लेखी घ्या. नकाशे, मतदार याद्या, कागद गावाला पुरवणं ही उपविभागीय समितीची जबाबदारी आहे, त्यामुळे मागणीपत्राची पोच हातात ठेवा.

दुसरा पुरावा म्हणजे वडीलधाऱ्यांचे जबाब, दावेदारांखेरीज इतरांचे, लिहून घेतलेले. तिसरा म्हणजे जागेवरच्या खुणा. एवढ्यावर दावा उभा राहतो. उपग्रहाचा फोटो पूरक म्हणून चालतो. तोच एकमेव पुरावा धरून दावा फेटाळता येत नाही.

गावात आदिवासींशिवाय इतर लोक असतील तर त्यांच्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वनावर अवलंबून राहिल्याची अट आहे. यावरून गावात फूट पाडली जाते. दावा सामूहिक आहे हे लोकांना समजावून सांगा आणि गावाच्या जुन्या वस्तीचे पुरावे सगळ्यांसाठी एकत्र जोडा.

दावा वर गेल्यावर

वनहक्क समिती जागेवर जाऊन दावा तपासते, त्या पडताळणीची लेखी सूचना वन आणि महसूल खात्याला द्या. त्यांनी हजर राहून सही, हुद्दा, तारीख आणि शेरा लिहायचा असतो. ते आले नाहीत आणि नंतर ‘आम्ही नव्हतो’ म्हणून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी गावाकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते गैरहजर राहिले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हा नियम छापून सोबत ठेवा, कारण याचा उपयोग होतो.

मग ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. दावा अपुरा वाटला तर वरच्या समितीने तो थेट फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे फेरविचारासाठी पाठवायचा. फेटाळला तर कारणं सविस्तर लेखी द्यायची. अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे आणि ती निर्णय कळल्यापासून मोजायची. म्हणून पत्र कोणत्या तारखेला हाती आलं ते लिफाफ्यासकट जपा. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय स्तरावर दाद मागण्याची सोय राज्यपालांच्या २०२० च्या अधिसूचनेने झाली आहे.

हक्कपत्र हाती येताच ते वाचा

समारंभात फोटो काढून झाला की त्याच संध्याकाळी ग्रामसभेत हक्कपत्र मोठ्याने वाचा. क्षेत्र दाव्याएवढं आहे का? कक्ष क्रमांक सगळे आले का? नाव ग्रामसभेचं आहे की ‘वनव्यवस्थापन समिती’चं? ‘वनखात्याच्या कार्य आयोजनेच्या (जंगलातल्या कामांच्या आराखड्याच्या) अधीन राहून’ अशी एखादी अट घुसवली आहे का? कायद्याच्या कलम ४(७) प्रमाणे हे हक्क कुठल्याही बोज्याशिवाय द्यायचे असतात. चूक दिसली तर लगेच ठराव करून दुरुस्ती मागा. सीमांकन करून अंतिम नकाशा आणि अभिलेखातली नोंद तीन महिन्यांत व्हायला हवी. तिचा पाठपुरावा करा, कारण पुढे ट्रक अडवला गेला की सगळ्यात आधी नकाशाच मागतात.

व्यवस्थापन समिती कुणाची

नियम ४(१)(ई) खाली ग्रामसभा आपल्यातूनच एक समिती करते. जंगल राखणं, व्यवस्थापन आराखडा करणं, वाहतूक परवाने देणं ही तिची कामं. तिच्या निर्णयांना ग्रामसभेची मंजुरी लागते. संयुक्त वनव्यवस्थापनाची जुनी समिती शासन निर्णयातून आलेली आहे आणि तिथे सचिव वनखात्याचा माणूस असतो. दोन्ही समित्या एकच करून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हक्क ग्रामसभेला मिळालेला आहे आणि चेकवर सही गावातल्या माणसाचीच असायला हवी.

आराखडा जाडजूड पुस्तक नसला तरी चालतो. जंगलाचे भाग पाडा: चराईचा, बांबूचा, तेंदूचा, देवराईचा, आणि काही वर्षं कुणीही हात लावायचा नाही असा. वणव्याच्या दिवसांत राखणीची पाळी कुणाची, कुऱ्हाडबंदी कोणत्या झाडांवर, दंड किती, हे गावाने ठरवायचं. अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर भागातल्या पायविहीर, उपातखेडा, खतिजापूर, नयाखेडा या गावांनी उघड्या पडलेल्या टेकड्यांवर रोजगार हमीची कामं काढून माती अडवली, झाडं लावली आणि सीताफळाची विक्री उभी केली. पायविहीरला २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जंगल उजाड असलं तरी हक्क घ्यायचा, हे या गावांकडून शिकण्यासारखं आहे.

तेंदूपत्ता: इथे पैसाही मोठा आणि धोकाही

पूर्व विदर्भात रोख पैसा येतो तो बहुतेक तेंदूतून, तोही उन्हाळ्याच्या दोन-तीन आठवड्यांत. म्हणून याची तयारी दिवाळीनंतरच सुरू करा.

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दोन पर्याय असतात. पर्याय क्रमांक एक: लिलाव वनखात्याने करायचा. पर्याय क्रमांक दोन: संकलन आणि विक्री ग्रामसभेने स्वतः करायची. ठराव करून कोणता पर्याय ते कळवावं लागतं. माझ्या मते गावात हिशेब लिहिणारी तीन-चार माणसं नसतील तर पहिल्या वर्षी शेजारच्या अनुभवी ग्रामसभांबरोबर मिळून दुसरा पर्याय घ्यावा. एकट्याने घाई करू नये, पण भीतीपोटी कायम पहिल्यावरही राहू नये.

दुसरा पर्याय घेतला की क्रम असा. ग्रामसभेत अपेक्षित माल ठरवा. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाणित गोणी धरतात. मागच्या दोन-तीन हंगामांत गावाने किती गोण्या दिल्या ते फळीवरच्या, म्हणजे पानं मोजून घेण्याच्या जागेवरच्या, जुन्या नोंदींतून काढा. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सीलबंद निविदा मागवा. निविदा ठरलेल्या दिवशी, सगळ्या ग्रामसभांच्या प्रतिनिधींसमोर आणि व्यापाऱ्यांसमोर उघडा. दोन-तीनच व्यापारी आले आणि सगळ्यांचे भाव एकसारखे पडलेले दिसले, तर लिलाव रद्द करायची हिंमत ठेवा आणि दुसरी तारीख द्या. हे आठ-दहा गावं एकत्र असतील तर जमतं. एका गावाचे शंभर-दोनशे बोद (पानांनी भरलेली पोती) सोडून द्यायला व्यापाऱ्याला काही वाटत नाही, पण सगळ्या इलाक्याचा माल हातचा गेला तर त्याचा हंगाम बुडतो.

करारात काय हवं ते नीट बघा, कारण बहुतेक गावांचे पैसे इथेच बुडतात.

मजुरी वेगळी आणि स्वामित्वाचा पैसा, ज्याला लोक रॉयल्टी म्हणतात, तो वेगळा लिहा. समजा एकूण भाव गोणीला १०,००० रुपये ठरला आणि मजुरी शेकडा पुड्याला ५०० रुपये ठरली, तर गोणीमागे ५,००० रुपये तोडणाऱ्यांचे आणि ५,००० ग्रामसभेचे. हे आकडे फक्त समजण्यासाठी. पण अशी फोड करून प्रत्येक घराला सांगितली नाही, तर ‘मजुरी जास्त देतो, रॉयल्टी कमी करा’ म्हणून व्यापारी गावात दोन गट पाडतो.

पैसे कधी, हे तारखेने लिहा. सही होताना अनामत, फळी सुरू होण्याआधी पहिला हप्ता, आणि शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय शेवटचे बोद गोदामातून हलणार नाहीत, हे कलम सोडू नका. चेक नको, थेट खात्यात जमा. वाहतूक परवाना ग्रामसभा देते, हीच तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे. जमा झालेल्या पैशाइतक्याच बोदांचा परवाना द्या. एकदा ट्रक जिल्ह्याबाहेर गेला की पैशासाठी वर्षानुवर्षं फिरावं लागतं. गडचिरोलीत ठेकेदारांकडे थकलेल्या रकमांच्या तक्रारी नव्या नाहीत.

पाऊस, गारपीट, आग यात माल खराब झाला तर नुकसान कुणाचं तेही लिहा. माल मोजून बोदात भरला की जोखीम व्यापाऱ्याची, असं असावं. जीएसटी कुणी भरायचा आणि विक्रीवर करकपात कशी, याबद्दल करारावर सही करण्याआधी सनदी लेखापालाला विचारा. ग्रामसभेचा पॅन आणि टॅन (करकपातीसाठी लागणारा क्रमांक) आधी काढलेला असला पाहिजे.

आता प्रत्यक्ष फळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी झाली की एप्रिलअखेर नवी, मऊ पानं येतात. छाटणी कोयत्याने करा, आग लावून नको. नव्या फुटीसाठी लावलेल्या आगीत मोहाची रोपं, चारोळी, पाखरांची अंडी सगळं जातं. फळीवर मोजणारा मुन्शी व्यापाऱ्याचा असला तरी शेजारी ग्रामसभेचा माणूस बसलाच पाहिजे. प्रत्येक कुटुंबाच्या कार्डावर रोजचे पुडे लिहा आणि तोच आकडा फळीच्या रजिस्टरात त्याच वेळी चढवा. ‘शेकड्यामागे पाच पुडे वरचे’ मागण्याची सवय कुठे असेल तर ती ग्रामसभेच्या ठरावाने बंद करा. एका घरासाठी ती थोडी वाटते, पण अख्ख्या गावाच्या हंगामात त्या पाच-पाच पुड्यांच्या गोण्या होतात.

आणि तेंदू तोडायचाच नाही, असंही गाव ठरवू शकतं. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ साली सुमारे हजार हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदूसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात म्हणून तेंदूचं संकलन बंद केलं आणि बांबूवर भर दिला. मालक असल्याशिवाय असा निर्णय घेता येत नाही.

बांबू कापताना

बांबूचं गणित तेंदूपेक्षा सरळ आहे, पण लोभ झाला तर बेट मरतं. तिसऱ्या वर्षात गेलेली काठीच कापा. जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या वर कापा. एका बेटात आठ-दहा तरी जुन्या काठ्या राखा, कडेचे कोवळे कोंब तोडू नका, आणि पावसाळ्यात तोड पूर्ण बंद. जंगलाचे तीन किंवा चार तुकडे पाडून दर वर्षी एकच तुकडा कापायचा. त्यामुळे गावाला दर वर्षी काम मिळतं आणि पहिला तुकडा पुन्हा भरून येतो. वास्ते खाण्यापुरते किती काढायचे हेही गावानेच ठरवायचं.

व्यापारी जाडी आणि लांबी बघून भाव लावतो, म्हणून प्रतवारी जंगलातच करा. लांब-जाड काठी एकीकडे, मांडवाची एकीकडे, बारीक एकीकडे. सरसकट ढीग विकला की चांगल्या काठीचाही भाव बारीक काठीचाच येतो.

मोह, हिरडा, चारोळी

मोहफुलं वेचल्या वेचल्या विकावी लागतात, कारण एप्रिलमध्ये घरात पैसा नसतो. ग्रामसभेने तेंदूच्या रकमेतून थोडं भांडवल बाजूला काढून गावातच मोह विकत घेतला, कोरड्या खोलीत साठवला आणि पावसाळ्यात विकला, तर फरकाचा पैसा गावातच राहतो. साठवण नीट वाळवूनच करा, ओल राहिली की बुरशी येते. चारोळी फोडण्याचं यंत्र किंवा हिरडा-बेहड्याची प्रक्रिया करायची असेल तर वनधन केंद्रांची योजना पाहा. ती २०१८ मध्ये सुरू झाली आणि १५ बचत गटांच्या मिळून केंद्राला १५ लाखांपर्यंत मदत असा तिचा साचा आहे.

हिशेब, न चुकता

ग्रामसभेच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत खातं काढा. सह्या तीन जणांच्या, त्यात किमान एक बाई, आणि एका घरातले दोघं नकोत. ठरावबुक, कॅशबुक, पावतीपुस्तक, मस्टर, मालाचं साठा रजिस्टर आणि परवान्यांचं पुस्तक, ही सहा पुस्तकं असली की कुणीही हिशेब तपासू शकतो. पैसा सांभाळणारा आणि कॅशबुक लिहिणारा एकच माणूस ठेवू नका.

वाटपाचं सूत्र हंगामाआधी ठरवा. मजुरी पूर्ण आणि आधी. मग ग्रामसभेच्या वाट्यातून राखणी, आगरेषा (वणवा अडवायला साफ केलेले पट्टे), रोपं. त्यानंतर गावनिधी: दवाखाना, शाळा, अडीअडचणीचं कर्ज. उरलेलं बोनस म्हणून पुड्यांच्या प्रमाणात. म्हाताऱ्या, आजारी, तोडायला जाऊ न शकलेल्या घरांचा वाटा किती हेही आधीच बोला. पैसा हातात आल्यावर हा विषय काढला तर भांडण होतं. दर महिन्याच्या सभेत कॅशबुक वाचून दाखवा. वाचणारा दर वेळी वेगळा असावा, म्हणजे हिशेब वाचता येणारी माणसं वाढतात. मेंढा (लेखा) गावाच्या लोकांनी अभ्यासगटात बसून कायदा समजून घेतला आणि निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने घेण्याची रीत पाडली. वेळ जातो, पण एकदा ठरलेलं मोडायला गावात कुणी उरत नाही.

वर्षाअखेर लेखापरीक्षण करून घ्या. कायदा तसं म्हणो न म्हणो, पुढच्या वर्षी बँक, व्यापारी, सरकारी योजना सगळे तोच कागद मागतात.

एकापेक्षा जास्त गावं

गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे. तेंदूचा लिलाव, व्यापाऱ्यांशी बोलणी, वसुली एकत्र होते आणि जंगल मात्र ज्या त्या गावाचं राहतं. अशा महाग्रामसभेने प्रत्येक ग्रामसभेकडून दोन प्रतिनिधी घ्यावेत, एक बाई आणि एक पुरुष. गावाने ठराव न केलेली कोणतीही गोष्ट प्रतिनिधीने मान्य करू नये.

बांबूचं फर्निचर, अगरबत्तीच्या काड्या, मोहाचे पदार्थ असा धंदा वाढवायचा झाला तर कारखाना चालवायला वेगळी संस्था लागते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली वेगवेगळ्या कुटुंबांतले १० सदस्य मिळून सहकारी संस्था काढता येते. कंपनी कायद्याखाली १० उत्पादक मिळून उत्पादक कंपनी काढता येते, तिथेही एका सदस्याला एकच मत असतं. कोणतीही निवडा, पण एक गोष्ट लिहून घ्या: वनहक्क विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, कायद्यातच तसं म्हटलं आहे. संस्था ग्रामसभेकडून माल विकत घेणारी गिऱ्हाईक असेल. जंगलाच्या कारभारात तिला मत नाही. तिच्या संचालक मंडळावर ग्रामसभांचे प्रतिनिधी असावेत आणि मालाचा खरेदीभाव दर वर्षी ग्रामसभांच्या बैठकीत ठरावा. संस्था तोट्यात गेली, तर कर्ज संस्थेवर राहील आणि जंगल गावाकडे राहील, एवढं अंतर दोन्हींच्या कागदांत पहिल्या दिवसापासून ठेवा.